आयर्लंडचा कर्ल्यू: हिवाळ्यात थवे, उन्हाळ्यात शुकशुकाट

डब्लिनजवळच्या बुल आयलंडवर हिवाळ्यातील ओहोटीच्या वेळी फिरायला जाणाऱ्यांना चिखलात चोच खुपसून चरणारे मोठे तपकिरी पक्षी थव्याने दिसतात. सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब आणि टोकाकडे खाली वळलेली चोच ही कर्ल्यूची ओळख. आयरिश भाषेत त्याला ‘क्रोटाख’ म्हणतात. कोकण किनाऱ्यावरही तो हिवाळी पाहुणा म्हणून येतो, त्यामुळे काही मराठी पक्षीनिरीक्षकांना तो अपरिचित नाही. हे थवे पाहून हा पक्षी संकटात असेल अशी शंकाही येत नाही. परंतु त्यांतील बहुसंख्य पक्षी स्कँडिनेव्हिया, फिनलंड व रशियाकडून आलेले असतात आणि वसंत ऋतूत परत जातात. आयर्लंडच्याच भूमीवर घरटे करणारा कर्ल्यू मात्र जवळजवळ संपुष्टात आला आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात प्रजनन करणाऱ्या कर्ल्यूच्या हजारो जोड्या होत्या. २०१५ ते २०१७ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात १३८ जोड्या आढळल्या, तर २०२१ मध्ये त्या १०५ वर आल्या. म्हणजे तीन-साडेतीन दशकांत सुमारे ९८ टक्के घट. शिकार हे याचे मुख्य कारण नव्हे. तिच्यावर २०१२ मध्येच बंदी आली. खरे कारण जमिनीच्या वापरात आहे.

कर्ल्यू उघड्या जमिनीवर घरटे करतो आणि सहसा चार अंडी घालतो. अंडी उबवायला सुमारे चार आठवडे लागतात व पिल्ले उडू लागेपर्यंत आणखी पाच आठवडे जातात. एप्रिल ते जुलै हा काळ असा जमिनीवरच निघतो, आणि मे महिन्याच्या अखेरीस सायलेजसाठी गवत कापणारी यंत्रे नेमकी तेव्हाच शेतात उतरतात. ओलसर कुरणांतील पाणी चर खोदून काढले गेले. दलदलींच्या कडेला सिटका स्प्रूसची लागवड झाली. तिच्या आडोशाने कोल्हे आणि राखी कावळे थेट घरट्यापर्यंत पोहोचतात. शिवाय कर्ल्यू दीर्घायुषी आहे, काही पक्षी तीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. त्यामुळे जुने पक्षी दरवर्षी त्याच जागी परततात आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. वास्तविक संख्या टिकण्यासाठी दर दोन जोड्यांमागे वर्षाला निदान एक पिल्लू उडण्याइतके मोठे व्हावे लागते.

सर्वांत मोठे नुकसान पीटच्या दलदलींचे झाले. देशाच्या सुमारे एक पंचमांश भूमीवर पीट आहे आणि त्याचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरने वाढतो. वीज आणि इंधनासाठी तो यंत्रांनी खरवडला गेला. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणे औपचारिकपणे थांबवले व पुनर्स्थापना हाती घेतली. त्याच वर्षी बागायतीसाठी लाटव्हियाहून जहाजाने पीट आयात झाले. स्वतःची दलदल वाचवून दुसऱ्याची खरवडणे, असा हा विचित्र व्यवहार.

घर आणि बाग यांचा संबंध येतो तो येथेच. अंगणात कढीपत्ता किंवा मेथी लावणाऱ्या कुटुंबांनी कंपोस्टच्या पिशवीवर ‘पीट-फ्री’ लिहिले आहे का ते पाहावे. नुसते ‘ऑरगॅनिक’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. शेकोटीसाठी टर्फ, म्हणजे वाळवलेले पीट, जाळल्याने निघणारे सूक्ष्म धूलिकण घरातल्यांच्याच फुप्फुसांत जातात. सूक्ष्म धूलिकणांमुळे देशात दरवर्षी हजारांहून अधिक अकाली मृत्यू होतात, असा पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांतून व ऑनलाइन टर्फ विकण्यास मनाई आहे. मात्र टर्फ कापण्याचा परंपरागत हक्क असलेल्या ग्रामीण कुटुंबांना सवलत आहे. ती राजकीय तडजोड असली, तरी त्या गावांचा दलदलीशी असलेला पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध पाहता तिला निव्वळ हट्ट म्हणता येत नाही.

२०१७ पासून राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव सेवा घरट्यांचे रक्षण, भक्षकांचे नियंत्रण आणि शेतकऱ्यांना मोबदला, अशा मार्गांनी उरलेल्या जोड्या जपत आहे. कापणी थोडी पुढे ढकलणारा शेतकरी हा या कामाचा कणा. शहरवासीयांसाठी नियम साधा आहे: वसंतात दलदलीवर आणि हिवाळ्यात बुल आयलंडवर कुत्र्याला साखळीतच ठेवावे, कारण दचकून उडालेला पक्षी घरटे किंवा चरणे सोडून जातो.