थंडीत मोटारीचे लॉक का अडते?

तासगाव : जानेवारीतली पहाट ही द्राक्ष बागायतदाराच्या घाईची वेळ. उन्हे चढण्यापूर्वी काढणी सुरू व्हावी लागते, मजूर नाक्यावर येऊन थांबलेले असतात आणि नेमकी त्याच वेळी मोटारीच्या दारात घातलेली चावी फिरत नाही. जोर लावावा तर चावी मोडण्याची भीती, न लावावा तर सकाळ वाया. 'थंडीने लॉक गोठले' असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः तासगावात लॉक गोठत नाही. पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते आणि येथील पारा कडाक्याच्या थंडीतही तेथवर उतरत नाही. मग अडते ते काय?

पुष्कळदा याचे उत्तर न्हाणीघरातल्या फळीवर सापडते. पावसाळ्यात कुलूप कुरकुरू लागले, की त्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडण्याची आपली जुनी सवय आहे. हे तेल सुमारे २४ अंशांखाली थिजू लागते. फळीवरची बाटली पहाटे जशी पांढरी होते, तेच लॉकच्या आत घडते. स्वयंपाकाचे गोडे तेल तेवढे थिजत नाही; पण महिन्या-दोन महिन्यांत ते चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. दाराच्या आतील जुने ग्रीसही थंडीत घट्ट होते. गोठते ते पाणी नव्हे, आपणच घातलेले तेल.

लॉकची रचना ध्यानात घेतली म्हणजे एवढ्याशा चिकटपणाने दार का अडावे हे उमगते. चावी जेथे जाते त्या नळीत पातळ धातूच्या काही पट्ट्या ओळीने बसविलेल्या असतात व प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग असते. चावीचे दाते या पट्ट्यांना योग्य उंचीवर आणतात, तेव्हाच नळी फिरते. एक पट्टी जरी अडकली तरी चावी जागची हलत नाही. जोर लावल्याने पट्टी सुटत नाही, चावी मात्र पिळवटते.

म्हणून प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. चावी आत शिरतच नसेल तर माती किंवा गंज. शिरते पण फिरत नसेल तर पट्ट्या अडकल्या आहेत किंवा चावीचे दाते झिजले आहेत. अशा वेळी घरातली दुसरी, कमी वापरलेली चावी लावून पाहावी. चावी फिरते आणि दार उघडत नाही, असे असेल तर दोष लॉकचा नसून आतील दांडीचा किंवा खटक्याचा असतो. तेथे मेकॅनिकच हवा. मागचे दार फक्त आतून उघडत नसेल, तर गॅरेज गाठण्यापूर्वी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा खटका पाहावा. नकळत दाबला गेलेला हा खटका अनेकांना विनाकारण खर्चात पाडतो. प्रवासी टॅक्सींत मात्र २०१९ च्या जुलैपासून चाइल्ड लॉकला मनाई आहे.

अडकलेल्या पट्ट्यांवर सर्वांत स्वस्त उपाय शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत मिळतो. मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंवर भरपूर घासावी आणि चावी हलक्या हाताने दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. पेन्सिलचे शिसे म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट. ते कोरडे वंगण असल्याने थिजत नाही आणि धूळही ओढत नाही. मात्र लॉकमध्ये आधीच तेल असेल तर ग्रॅफाइटचा चिखल होतो. तेव्हा आधी डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारून जुना मळ बाहेर काढावा, एक दिवस वाळू द्यावे आणि मगच ग्रॅफाइट वापरावे.

तासगाव परिसरात आणखी एक कारण संभवते. बेदाण्याला पिवळसर रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिली जाते. या धुरातील सल्फर डायऑक्साइड दवाच्या ओलीशी मिसळला, की सौम्य आम्ल तयार होते आणि ते धातूला खाते. गाडी धुरीच्या खोलीला लागून रात्रभर उभी न केलेली बरी.

रिमोट चालत नसेल तर त्यातील बटन सेल बदलावा. थंडीत अशक्त सेल लवकर मान टाकतो. बहुतेक रिमोटच्या पोटात साधी चावी दडलेली असते आणि ती लावण्याचे छिद्र काही गाड्यांत हँडलवरच्या टोपणाखाली असते. हे अडचणीच्या वेळी शोधण्यापेक्षा आजच पाहून ठेवावे.

खरे गोठणे पाहायचे तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात जावे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळी पहाटे मोटारींच्या टपावर दव गोठून हिमकण दिसतात. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून हे घडते. काश्मीर-मनालीला गाडी नेणाऱ्यांची गाठ याहून दाट बर्फाशी पडते. तेथे दार बहुधा लॉकमुळे नव्हे, तर रबरी बीडिंगला बर्फ धरल्याने अडते. हँडल ओढू नये. दार आधी बाहेरून आत दाबावे, म्हणजे बर्फाचा थर तडकतो. लॉकमध्ये हँड सॅनिटायझरचे थेंब सोडता येतात, कारण त्यातील अल्कोहोल बर्फ वितळविते. उकळते पाणी ओतू नये. काच तडकते आणि उरलेले पाणी पुन्हा गोठते. लायटरवर चावी तापविण्याचा सल्लाही दिला जातो, पण चिप असलेली चावी त्याने कायमची निकामी होऊ शकते.

या साऱ्या खटपटीला एक अपवाद. लहान मूल आत आणि दार अडलेले असेल, तर पेन्सिल, स्प्रे, चावीवाला यांची वाट पाहू नये. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारचे ऊन कडक असते आणि बंद मोटार मिनिटांत तापते. ११२ क्रमांकावर फोन करावा आणि मूल कोमेजलेले दिसताच त्याच्यापासून लांबची बाजूची काच, मध्यावर नव्हे तर कोपऱ्यावर, टणक वस्तूने फोडावी. पुढची मोठी काच दुपदरी असल्याने सहजी फुटत नाही. आणि जादा चावी घरात ठेवावी; ती गाडीच्याच कप्प्यात ठेवणारे कमी नाहीत.