नाव कोणाचे घ्यायचे?

खारबावहून वसईकडे जाणारी गाडी पकडली की कामण, जूचंद्र मागे पडते आणि वसई रोड येते. या वाटेशी लहानपणापासून माझ्या मनात एकच गोष्ट जोडलेली होती : आमच्याच भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचे गंगाजी नाईक, त्यांनी पेशव्यांपुढे मांडलेले गाऱ्हाणे, चिमाजीअप्पांची मोहीम आणि मे १७३९मध्ये हाती आलेली वसई. किल्ला सर झाला की गोष्ट संपायची. त्या किल्ल्याभोवती मागे राहिलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे आणि कोळ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नव्हता.

तो पडला २०२५च्या २७ एप्रिलला. मी ख्रिस्ती नाही. एका स्नेह्याबरोबर वसईतल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत पोप आणि स्थानिक बिशप यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना होते. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला निवर्तले होते, त्यामुळे त्या दिवशी बिशपांचेच नाव आले. "गादी रिकामी आहे," स्नेही हळूच म्हणाला. ८ मे रोजी निवड झाली आणि त्या मोकळ्या जागी लिओ हे नाव आले.

माझ्या मनात पहिल्यांदा आला तो खुत्बा. शुक्रवारच्या खुत्ब्यात ज्या सुलतानाचे नाव, त्याची सत्ता, हे मध्ययुगीन इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक असते. हाही तसाच प्रकार असावा, असे वाटले. अर्धे खरे होते. धर्मगुरू ज्या बिशपाचे नाव घेतो, त्याच्या अधिकाराखाली तो असतो. पण इथे नावामागे बिरुदावली नसते, आडनावही नसते. 'थॉमस' किंवा 'लिओ' एवढेच. आणि त्याचा जयजयकार होत नाही, त्याच्यासाठी मागणे मागितले जाते. ही रीत जुनी आहे. पेत्र तुरुंगात असताना मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करीत होती, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. पौलाने तर आपल्या पत्रांतून स्वतःसाठी प्रार्थना मागितली आहे.

आता वसईकडे वळू. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय संघांचे पाद्री गेले. मागे राहिलेल्या लोकांना देशी पाद्रींनी सांभाळले. राज्य पुण्याचे, पण बिशप गोव्याचे. याचे मूळ 'पाद्रोआदो'त होते. पूर्वेकडच्या चर्चचा भार पोर्तुगालच्या राजाने उचलायचा आणि बिशपपदासाठी नावही त्यानेच सुचवायचे, असा तो अधिकार. दुसरीकडे १६२२मध्ये रोमने 'प्रोपगांडा फिदे' हे स्वतःचे खाते काढले होते. त्याच्या वतीने १७२०पासून मुंबईत कार्मेलाइट संघाचे व्हिकर अपोस्टोलिक आले. गोव्याचे ऐकायचे की त्यांचे? भांडण इतके पेटले की १७९४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मुंबईतल्या चार चर्चची दोन-दोन अशी वाटणी करून दिली. एकाच शहरातले, एकाच श्रद्धेचे लोक, पण त्यांच्या वेदीवर नावे निराळी.

१८८६च्या करारानंतर वसई दमणच्या बिशपांकडे गेली. १९२८मध्ये हा दुहेरी अधिकार संपून ती मुंबईत आली. १९५०मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९९८मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे वसईचेच सुपुत्र, तुकारामांवर संशोधन केलेले.

या साऱ्या घडामोडींत एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ज्या नावासाठी ही ओढाताण चालली, ते मिस्सेत लोकांच्या कानावर पडतच नव्हते. ती प्रार्थना लॅटिनमध्ये होती आणि पाद्री ती ओठांतल्या ओठांत म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये लोकभाषांना वाट करून दिली. तेव्हा कुठे मराठी मिस्सा आली आणि भाताच्या खाचरातून, होडीवरून आलेल्या माणसाला आपण कोणासाठी मागतो आहोत ते स्वतःच्या भाषेत ऐकू आले.

मला वाटते, या प्रार्थनेचे महत्त्व इथेच आहे. ज्याचे नाव लोकांपुढे, मदत मागण्यासाठी घेतले जाते, तो अचूक नाही, हे सगळ्यांनी मिळून मान्य केलेले असते. त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असा तिचा अर्थ नव्हे. जो डळमळू शकतो, त्याच्यासाठीच तर मागावे लागते. १३ मार्च २०१३ रोजी निवड झाल्यावर फ्रान्सिस सज्जात आले, तेव्हा लोकांना आशीर्वाद देण्याआधी त्यांनी लोकांकडेच प्रार्थना मागितली आणि मान लववली.

गंगाजी नाईकांची गोष्ट मी आजही अभिमानाने सांगतो, कारण गाऱ्हाणे खरे होते. पण आता किल्ल्यापाशी थांबत नाही. राजे बदलले, कंपनी आली नि गेली, नावाचे भांडण दीडशे-दोनशे वर्षे चालले. त्या सगळ्यात माझे शेजारी दर रविवारी कोणासाठी तरी मागत राहिले. त्यांचा इतिहास १७३९ला संपला नव्हता. माझेच वाचन तिथे थांबले होते.