धर्मशाळा : परक्या गावी रात्र काढण्याचा इतिहास

घरातला मुलगा रात्री उशिरा येतो, ताटावर बसतो, जेवून झोपतो आणि सकाळी पुन्हा पसार होतो. मग आई वैतागून म्हणते, "हे घर आहे की धर्मशाळा?" श्रोतेहो, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते ऐकवलेही गेले आहे. यात बिचाऱ्या धर्मशाळेवर थोडा अन्याय होतो, असे मला नेहमी वाटते. कोणीही यावे, निजावे आणि नाव न विचारता सकाळी निघून जावे, ही सोय उभी करायला माणसाला फार काळ लागला. आणि 'कोणीही' या शब्दात खरोखर कोण कोण येते, याचे भांडण तर अगदी अलीकडेपर्यंत चालू होते. आज त्याविषयीच दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

आरंभ नाशिकजवळूनच करू. नाशिकच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासाची लेणी. शाळेच्या सहली तेथे जातात, मुले पायऱ्या मोजतात, मूर्तीपुढे उभी राहतात आणि डबा खाऊन खाली उतरतात. पण दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर जो लेख कोरला आहे, त्याच्यासमोर फार थोडे थांबतात. तो लेख क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे आजपासून सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आपण केलेली दानधर्माची कामे त्याने त्यात सांगितली आहेत. गाई दिल्या, गावे दिली, हे तर आहेच. पण त्याबरोबर तो सांगतो की भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, आणि गोवर्धन, या चार ठिकाणी चौसोपी निवासस्थाने बांधली. यातले गोवर्धन म्हणजे नाशिकच्या शेजारचेच गोवर्धन बरं का! पुढे तो नद्यांची नावे घेतो : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहानुका. या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर बसायला मंडप व प्यायला पाण्याची सोय केली.

हा लेख वाचताना मला त्या माणसाच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक वाटते. वाटसरू अडतो कोठे? नदीवर अडतो, पाण्यावाचून अडतो आणि रात्र पडली की अडतो. नेमक्या या तीन जागा त्याने धरल्या. गावेही पाहा : एक बंदर भडोचचे, दुसरे सोपाऱ्याचे, आणि बाकीची दोन आतल्या मुलखातली. व्यापारी तांडे ज्या वाटेने जात, त्या वाटेवरची ही ठिकाणे.

त्याच लेण्यात आणखी एक हिशेब आहे. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात फळ्यावर अवश्य मांडावा. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे व्याज झाले २४० कार्षापण. भिक्षू वीस आणि प्रत्येकी वस्त्रासाठी बारा. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचे. मुक्कामाची जागा बांधून भागत नाही, ती पुढे चालवावी लागते, हे त्या काळच्या माणसाला पक्के ठाऊक होते. आपल्या गावोगावच्या धर्मशाळा का पडल्या याचे अर्धे उत्तर यात आहे. बांधणाऱ्याचे नाव दगडावर राहिले; खापऱ्या शाकारायला कोणी उरले नाही.

मधली शतके मी ओलांडतो. सोळाव्या शतकात शेरशहाने हमरस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधल्या, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहेच. आपल्याकडे यायचे तर अहिल्यादेवी होळकरांचे नाव घ्यावेच लागते. १७६७ ते १७९५ हा त्यांच्या कारभाराचा काळ. काशीचे विश्वनाथाचे देऊळ त्यांनी १७८० साली बांधवले, ते सर्वांना माहीत असते. परंतु देशभर त्यांनी जे घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांतून त्यांची दृष्टी अधिक दिसते. देवळात माणूस घटकाभर जातो. धर्मशाळेत तो दमलेला येतो. आमच्या लासलगावपासून बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर चांदवड आहे. होळकरांचा रंगमहाल तेथे आहे आणि आग्र्याचा रस्ता गावाजवळूनच जातो. घाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर तेथे मुक्काम पडायचाच.

त्या मुक्कामाचा थाट कसा असे? जागा फुकट. शिधा ज्याचा त्याने आणायचा किंवा जवळच्या वाण्याकडून घ्यायचा. तीन दगडांची चूल मांडायची, सरपण गोळा करायचे, भाकरी थापायची आणि पडवीत अंथरूण टाकायचे. दूर पूर्वेला कोरिया देशात अशाच जुन्या खाणावळी होत्या, त्यांना जुमाक म्हणत. तेथला रिवाज उलटा. जेवणाचे आणि पेयाचे पैसे द्यायचे, मग त्याच उबदार खोलीत निजायला जागा मिळे, तिचे वेगळे पैसे नाहीत. आपल्याकडे जागा धर्माची आणि अन्न ज्याचे त्याचे. असे का, याचा थोडा विचार केला तर उत्तर सापडते. आपल्याकडे कोणी कोणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न निजण्याच्या प्रश्नापेक्षा अवघड होता. धर्मशाळेत दहा चुली पेटत, त्या दहा कुटुंबांच्या असत तशा दहा जातींच्याही असत.

आणि अकराव्याला चूल मांडू देत असत का? येथे आपण त्या 'कोणीही' शब्दापाशी येतो.

इंग्रजी अमलात रस्ते झाले. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. स्टेशनाजवळ धर्मशाळा उभ्या राहिल्या. काही धनिकांनी बांधल्या, काही लोकल फंडातून झाल्या. १८६७ चा सराई कायदा आला. सराई चालवणाऱ्याने खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी नेमावेत आणि दरांचा तक्ता दिसेल असा लावावा, असे त्यात होते. लॉजच्या भिंतीवर जो दरफलक आपण पाहतो, त्याचा हा पूर्वज. पण आत कोणाला घ्यायचे, यावर त्या नियमांनी काही फरक पडला नाही. सरकारी पैशाने बांधलेल्या धर्मशाळेतही अस्पृश्य मानलेल्या माणसाला बाहेर झाडाखाली रात्र काढावी लागे.

१९१७ सालची गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायचे कोठे? हिंदू खाणावळीत जात विचारणार. शेवटी ते एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन राहिले. भाडे दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीचे सामान, दिवा मिणमिणता, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघाले असताना डझनभर माणसे काठ्या घेऊन जिन्यावर आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी विचारून पाहिले; एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही कारणे सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अमेरिकेत आणि विलायतेत शिकलेल्या माणसाला आपल्या देशात पैसे मोजूनही एक खाट मिळाली नाही!

पुढे १९२३ च्या ऑगस्ट महिन्यात सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे हा ठराव आपल्या लक्षात राहिला तो पाणवठ्यांसाठी. पण तो पुन्हा नीट वाचावा. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व चालवलेल्या पाणवठ्यांबरोबर आणि विहिरींबरोबर त्यात धर्मशाळेचाही उच्चार आहे. बोल्यांना ठाऊक होते की वाटसरूला तहान जशी लागते तशी रात्रही लागते. ठराव झाला, सरकारने परिपत्रकही काढले, पण गावोगावी तो कागदावरच राहिला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, आणि १९३५ साली आमच्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यामागे जे साचले होते, त्यात बडोद्याच्या त्या जिन्याचाही वाटा असणार, असे माझे मत आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना ही नावे मुद्दाम घातली आहेत, ती उगीच नाहीत.

कायद्याच्या आधी हे काम एका खराटा धरणाऱ्या माणसाने केले. गाडगे महाराजांनी देऊळ बांधले नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, जेथे गरीब माणूस यात्रेला येतो आणि उघड्यावर पडतो, तेथे त्यांनी छप्पर उभे केले. पंढरपूरला चोखोबा पायरीशी थांबले होते. त्याच पंढरपुरात महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

यात्रेकरूची सोय झाली, पण पोटासाठी शहरात गेलेल्याचे काय? त्याला एक रात्र नव्हे, वर्षे काढायची असतात. मुंबईत गिरणगाव वाढले तशा गावकीच्या खोल्या झाल्या. एका गावच्या पंधरा-वीस जणांनी मिळून एक खोली घ्यायची, भाडे वाटून भरायचे, कपड्यांची ट्रंक भिंतीशी लावायची. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर निजायचा. जेवण खाणावळवालीकडे. या बाया गिरणीकामगारांना पोसत आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे असेच 'कूड' धोबीतलाव आणि माझगाव भागात होते. गावाच्या नावाचा कूड, त्यात जहाजावरच्या खलाशाची पेटी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. जहाज लागेपर्यंत माणूस तेथे राही. त्यांतले काही कूड अजून चालू आहेत.

अशा एका खोलीत मीही निजलो आहे. एम.ए.च्या वेळी जुनी कागदपत्रे पाहायला मुंबईला गेलो होतो. आधी एका धर्मशाळेत गेलो. गादीवरचे गृहस्थ म्हणाले, "एकट्या पुरुषाला खोली देत नाही. फॅमिली घेऊन या." माझे तेव्हा लग्नही झाले नव्हते! शेवटी वर्गमित्राच्या ओळखीने लालबागला त्यांच्या गावच्या खोलीवर गेलो. गिरण्या बंद झालेल्या होत्या, तरी खोली चालू होती. एका वयस्क गृहस्थांनी कोण, कुठला, कशाला, असे तीन प्रश्न विचारले आणि चटई दिली. रात्रभर खाली गल्लीत वर्दळ होती. गाड्या, भजी तळणारे, गणपतीच्या वर्गणीवरून वाद. पहाटे तेच गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, चहा पिऊन जावा." पैसे घेतले नाहीत. पण मनात येत होते की त्या तीन प्रश्नांची माझी उत्तरे निराळी असती, तर चटई मिळाली असती का? गावकीची खोली ही गावकीचीच असते. तिची माया खरी, आणि तिचे दारही अरुंद.

आमचे आजोबा कांद्याची गाडी घेऊन लासलगावला येत. १९४७ साली येथे बाजार समिती झाली, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. दिवस मावळता पोचायचे, बैल सोडायचे आणि गाडीखालीच निजायचे. धर्मशाळेत का जात नव्हता, असे मी त्यांना विचारले होते. "माल कोण राखील?" एवढेच ते म्हणाले. गरिबाच्या मुक्कामाचे हे एक अंग ग्रंथात फारसे येत नाही. त्याला छपराइतकीच आपल्या गाठोड्याची काळजी असते. ट्रॅक्टर आले तरी लिलावाच्या आदल्या रात्री रांगेत ट्रॉलीखाली निजणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

हल्ली लासलगाव स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत कोणाच्या ना कोणाच्या हातात दवाखान्याची फाइल असते. परळच्या टाटा रुग्णालयात नाव काढायचे असते. आजार काय, यापेक्षा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "रात्री उतरायचं कुठं?" दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे राहतात. मागे एकदा आमच्या कॉलेजातला एक मुलगा वडिलांना घेऊन निघाला होता. त्याच्या वहीच्या पानावर मी ते नाव लिहून दिले आणि खाली लिहिले : आधार कार्ड व दवाखान्याचा कागद बरोबर ठेवणे. त्याने पान फाडून वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात घातले, आणि गाडी आली.