शस्त्राचा परवाना आणि नागरिकाचा मान

भिलाईतील हुडको ही वसाहत ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्या मुलखाचे नागपूरशी जुने नाते आहे. छत्तीसगड एके काळी भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होते. त्यामुळे शस्त्रे बाळगण्याच्या हक्काची या भूमीतील कथा नागपूरला वगळून सांगता येत नाही.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८५७ च्या डिसेंबरात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपूर येथे फाशी देण्यात आली. त्या उठावाची धास्ती राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नाही. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्रांचा कायदा झाला. त्याने बंदुकीबरोबर तलवार, भाला, एवढेच नव्हे तर धनुष्यबाणही 'शस्त्र' ठरविले. युरोपियनांना मात्र परवान्याच्या बंधनातून सूट होती. खरा सल होता तो इथे. हत्यार गेले याहून, आपल्यावर विश्वास नाही हे कायद्याने उघड सांगितले, याचे दुःख मोठे होते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हा कायदा बदलण्याची मागणी केली, ती याच भावनेतून.

१९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी या कायद्यास उघड आव्हान दिले. बंगालमधील राजबंद्यांच्या सुटकेची मागणी करीत त्यांचे अनुयायी तलवारी घेऊन, परवान्यावाचून, भर रस्त्यातून निघाले. ती तलवार कोणावर उगारण्यासाठी नव्हती. तरीही गांधीजींना हा मार्ग पटला नाही. शस्त्र हाती घेऊन सत्याग्रह होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आवारींना कारावास घडला.

स्वातंत्र्यानंतर भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली त्याच वर्षी, १९५९ मध्ये, संसदेने नवा कायदा केला आणि तो १९६२ पासून अमलात आला. बंदुकीला परवाना कायम राहिला. तलवारीसारख्या हत्यारांना मात्र तो केवळ अधिसूचित प्रदेशातच आवश्यक ठरला, आणि साधी लाठी शस्त्रांच्या व्याख्येतून वगळली गेली. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक झाले. अपिलाची वाटही ठेवली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि आज तेथील अनेक राज्यांत परवान्यावाचून पिस्तूल जवळ ठेवून हिंडता येते. भारताने तो मार्ग धरला नाही. परकीय सत्तेने परवाना मागितला तो प्रजेच्या भयाने. स्वकीय सत्ता तो मागते ती शेजाऱ्याच्या जीविताच्या काळजीने. परवान्याचा कागद तोच राहिला, परंतु तो नाकारणाऱ्याला आता नागरिकापुढे कारण मांडावे लागते. १८७८ मध्ये हिरावलेला मान परत आला तो तलवारीच्या पात्यावरून नव्हे. त्या लेखी कारणाच्या ओळीतून.