साष्टींतील 'पाव': एक रूप, तीन शब्द

बोरिवलीच्या एका शाळेंत संस्कृत शिकवितांना प्रस्तुत लेखकानें अनेक वर्षे असें सांगितलें कीं, रोटीचे चार भाग करून वांटतात म्हणून ती 'पाव'. एकदां एक्सर गावठाणांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मग अख्खा एकट्यानें खाल्ला तर त्याला काय म्हणायचें?" वर्ग हंसला. मजपाशीं उत्तर नव्हतें.

चतुर्थांशवाचक 'पाव' संस्कृत 'पाद' शब्दापासून निघाला, यांत वाद नाहीं. स्वरांमधील दकार लोपून वकार आला. 'सपाद' पासून सव्वा व 'पादोन' पासून पाऊण हीं भावंडें त्यास साक्ष आहेत. पावकी आणि पावली याच कुळांतील. 'देव पावला' यांतील धातु मात्र 'प्र' उपसर्गयुक्त 'आप्' चा. 'पावती' त्याचीच लेक.

खाण्याचा पाव या दोहोंचा कोणीच नव्हे. तो पोर्तुगीज 'पांव', लॅटिन 'पानिस'; त्यांतील अनुनासिक मराठींत गळालें. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्या साष्टींत येतात, ती १५३४ च्या वसईच्या तहानें पोर्तुगीजांकडे गेली व १७३७ मध्यें मराठ्यांनीं तिजवर चढाई करीपर्यंत त्यांजकडेच राहिली. वसई १७३९ त पडली. चावी, घमेलें, पगार, बटाटा, काजू हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. दालगादो यांनीं १९१३ मध्यें कोइंब्रा येथें छापलेल्या ग्रंथांत आशियाई भाषांत शिरलेले असे पोर्तुगीज शब्द मांडले आहेत. जपानींतही रोटीस 'पान' म्हणतात, तेंही त्याच शब्दावरून. तेथें चतुर्थांशाचा संबंध कोठून यावा?

दुसरी एक लोकव्युत्पत्ति अधिक वाईट आहे: पीठ पायांनीं तुडवितात म्हणून पाव. पायही 'पाद' पासूनच आल्यामुळें ती पटकन् पटते, आणि ज्यांच्या घरीं पाव रोजचा, त्यांच्या अन्नास उगाच हिणकस ठरविते. 'पाद' चा लॅटिन सोयरा 'पेस' होय, 'पानिस' नव्हे. एवढ्यानें ती निकालांत निघते. माझी चार भागांची व्युत्पत्ति तिच्याहून फारशी बरी नव्हती.

मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत. म्हणून संग्राहकांनीं 'पाव' दिसतांच पुढें माप आहे कीं क्रियापदाचा प्रत्यय, तें आधीं पाहावें. 'रोटीचा पाव' असें आलें तर तो चौथा हिस्साच समजावा.