मोडलेला मणका: चिरायचा की नाही?

पाठीचा मणका मोडला, कमरेखालचं अंग लुळं पडलं, तर शस्त्रक्रिया करावी का? हा प्रश्न वैद्यकाचा आहेच, पण त्यातला ‘करावी’ हा शब्द आमच्या विषयातला. म्हणून मी यात पडतो.

एडविन स्मिथ यांच्या नावानं ओळखला जाणारा इजिप्तचा पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे १६०० चा. त्यात ४८ रुग्ण आहेत आणि वैद्याचे निवाडे तीन: बरा करीन, झुंजून पाहीन, हा उपचार करण्याचा आजारच नव्हे. मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या, नकळत लघवी होणाऱ्या माणसाच्या वाट्याला तिसरा निवाडा येतो. तुम्हाला निर्दय वाटेल. मला प्रामाणिक वाटतो.

१८१४ साली लंडनच्या हेन्री क्लाइन यांनी मोडलेल्या मणक्यांच्या मागच्या कमानी कापून काढल्या. हाडाचा दाब गेला की मज्जारज्जू पुन्हा काम करील, ही आशा. भूल नव्हती, एक्स-रे नव्हता, जंतूंची कल्पना नव्हती. रुग्ण थोड्याच दिवसांत गेला. मग अ‍ॅस्टली कूपर आणि चार्ल्स बेल यांची जुंपली. कूपर प्रयत्नाच्या बाजूचे, बेल विरोधात. प्रयत्नवाद्यांचा आधार एकच असतो: नाहीतरी मरणारच आहे. पण बघा, तो मरतो कशानं? पाठीवर पडून राहिल्यानं जखमा होतात, त्या चिघळतात. लघवी तुंबते, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. पहिल्या महायुद्धातले असे सैनिक बहुतांशी याच दोन गोष्टींनी गेले. सुरीचा तिथं काय संबंध?

हे ओळखून काम उभं केलं लुडविग गुटमान यांनी. जर्मनीतून परागंदा झालेला हा ज्यू डॉक्टर. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला त्यांनी विभाग सुरू केला: दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा, आणि लघवीची नळी निर्जंतुक हातांनीच घालायची. कमानी कापण्याला त्यांचा कडवा विरोध होता. आधीच डळमळीत कणा त्यानं आणखी डळमळतो, पाठीला बाक येतो. त्याऐवजी उशांचा आधार देऊन आठवडेच्या आठवडे झोपवायचं. यात थोडा हट्टही होता, असं मला वाटतं. इतकं पडून राहण्याचेही धोके असतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात.

पुढं शेफील्डच्या होल्ड्सवर्थ यांनी कणा स्थिर की अस्थिर, हा भेद मांडला आणि अस्थिर कण्याला धातूच्या पट्ट्या लावल्या. नंतर स्क्रू-सळया आल्या. म्हणजे शस्त्रक्रियेचा हेतूच हळूहळू बदलला: दाब काढण्याबरोबर कणा धरून ठेवायचा, रुग्णाला लवकर बसवायचं. त्यातही जखमेत पू होतो, स्क्रू सैल होतो, मज्जारज्जूभोवतालचं पाणी झिरपतं. क्वचित उरलीसुरली संवेदनाही जाते.

आणि नातेवाईक संमतीच्या कागदावर सही करताना विचारतात, ‘मग चालायला लागेल ना?’ मज्जारज्जू पूर्ण तुटलेला असेल, तर स्क्रू कितीही नीट बसो, तो जुळत नाही. ऑपरेशन उत्तम झालं, तरी त्या रात्रीपासून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावंच लागतं.