जत्रेतली लिपस्टिक, बाजारातला डाय: माल अस्सल की नकली? पैसे देण्याआधी हे तपासा

आठवडी बाजार, जत्रा, कटलरीचं दुकान, दारावर येणारी फेरीवाली. आपल्याकडे मेकअपचं सामान बहुतेक इथूनच घेतलं जातं. अडीचशेची लिपस्टिक साठ रुपयांत मिळते, वर "ताई, कंपनीचाच माल आहे" अशी खात्रीही मिळते. पण ही खात्री कुणी तपासलेली नसते.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनं बनवायला सरकारी परवाना लागतो, विकायला मात्र वेगळा परवाना लागत नाही. औषधाच्या दुकानासारखी अट इथे नाही. त्यामुळे पाल टाकून बसलेला माणूसही क्रीम विकू शकतो. अनेकदा त्यालाच माहीत नसतं की ठोक बाजारातून आणलेला माल नकली आहे. म्हणून शेवटची तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते, आणि तिला दोन मिनिटं पुरतात.

अकोल्यात काय झालं होतं?

जानेवारी २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घराची बातमी राज्यभर गाजली. आई आणि दोन मुली, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघी स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली एकच गोरं करणारी क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पाऱ्याचं मोठं प्रमाण सापडलं. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड खराब करतो. म्हणजे नकली मालात फक्त साठ रुपये जात नाहीत.

पाकिटावर हे असायलाच हवं

मजकूर इंग्रजीत आणि बारीक असतो. मोबाईलनं फोटो काढून मोठा करा, किंवा गुगल लेन्सनं मराठीत वाचा.

१. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. नुसतं "मेड इन इंडिया" किंवा नुसतं शहराचं नाव पुरत नाही.
२. उत्पादन परवाना क्रमांक. त्याच्या आधी इंग्रजी "एम" अक्षर असतं.
३. बॅच नंबर. त्याच्या आधी "बी" असतं.
४. कधी बनवलं आणि कधीपर्यंत वापरायचं, दोन्ही.
५. एमआरपी (सर्व करांसह), वजन किंवा मिली.
६. घटकांची यादी आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल.
७. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. हे नसेल तर ती वस्तू कितीही "इम्पोर्टेड" असो, ठेवून द्या.

काजळ, लिपस्टिक अशा लहान नगांना बॅच नंबर आणि घटकांच्या यादीत नियमानं सूट आहे. तेवढ्यावरून माल नकली ठरवू नका. बाकीच्या गोष्टी बघा.

हातात घेऊन बघा

नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचा. ओळखीच्या कंपनीच्या नावात एक अक्षर बदलायचं आणि रंग तोच ठेवायचा, ही जुनी युक्ती आहे. छपाई पुसट आहे का, बोटानं घासली की शाई निघते का, तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलंय का, तेही बघा. डब्यावरचा आणि आतल्या बाटलीवरचा बॅच नंबर सारखाच हवा. सील तुटलेलं नको.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घरातल्या अस्सल नगाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दुकानात शेजारी धरून बघा. रंग, झाकण, अक्षरं यांतला फरक लगेच दिसतो. मात्र बारकोड ८९० ने सुरू होतो म्हणून माल अस्सल, असं समजू नका. बारकोडही छापता येतो.

किमतीचंही तसंच. सवलत सगळीकडे असते, पण बाहेर अडीचशेला मिळणारी वस्तू साठला का मिळतेय, हा प्रश्न विचाराच.

या तीन वस्तूंना जास्त जपा

*गोरं करणारी क्रीम.* "सात दिवसांत गोरं" म्हणणारी, लेबल नसलेली, पार्लरमध्ये डबीत भरून दिलेली क्रीम घेऊच नका. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर पाऱ्याची शक्यता धरा. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. चेहरा आधी उजळतो, नंतर पातळ, लाल होतो.

*केसांचा डाय आणि काळी मेंदी.* नुसत्या मेंदीनं केस तांबूस होतात, काळेभोर होत नाहीत. "शंभर टक्के हर्बल" म्हणून अर्ध्या तासात काळं करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं. ते असलेल्या डायवर आधी त्वचेवर चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अशी सूचना कायद्यानं सक्तीची आहे. ती नसेल तर पुडी परत द्या. अस्सल डायही आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट बघा.

*काजळ आणि आयलायनर.* डोळ्याच्या आत जाणारी वस्तू सुटी किंवा लेबल नसलेली घेऊ नका. लहान लेकराला तर नकोच.

मोबाईलवरून मागवताना

ऑनलाइन विक्रीत विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि माल कोणत्या देशातला हे दाखवणं बंधनकारक आहे. ते वाचूनच मागवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता फोटो आणि क्यूआर कोड पाठवणाऱ्याकडे हे काहीच नसतं. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा.

नकली माल निघाला तर

वापर तिथंच थांबवा, पण डबी फेकू नका. चेहरा सुजला, पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर डॉक्टरकडे जा आणि ती डबी सोबत न्या.

तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करा. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६ नुसार शुल्क भरून कुणीही ग्राहक विकत घेतलेली वस्तू सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. नकली माल बनवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणात तिथे फी लागत नाही.

यासाठी पावती लागते. दुकानदार ओळखीचा म्हणून मागायला अवघड वाटत असेल तर पैसे फोनवरून द्या, म्हणजे किमान नोंद राहते.

रिकाम्या बाटलीचं काय कराल?

शॅम्पू, तेल, सिरम यांच्या रिकाम्या बाटल्या भंगारात जातात आणि काही पुन्हा भरून बाजारात येतात. बाटली देण्याआधी लेबल फाडा, झाकण वेगळं करा, बाटली कापा. खोकाही फाडूनच टाका. तुमच्या घरची बाटली दुसऱ्या कुणाच्या लेकीला फसवायला परत बाजारात जाऊ नये.